वाटेवरची गावे : नंदादेवीच्या इतिहासाची दुसरी बाजू



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलावयास उभे राहणे हा मी माझा बहुमान समजतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने हिमालयाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी गिर्यारोहक नाही आणि भूगोलाचा अभ्यासकही नाही. परंतु इतिहास कोणत्या शब्दांत सांगितला जातो, त्यात कोणाची नावे येतात आणि कोणाची गळून पडतात, हा भाषेच्या अभ्यासकाचाही प्रश्न आहे. पर्वतारोहणाच्या इतिहासात ‘शोध’, ‘विजय’ आणि ‘संरक्षण’ हे तीन शब्द वारंवार येतात. शिखराकडे जाणाऱ्या वाटेवर जी गावे वसलेली आहेत, त्यांच्या उंबरठ्यावरून पाहिले तर या तीन शब्दांचे अर्थ कसे पालटतात, हे आज नंदादेवीच्या उदाहरणावरून मांडावयाचे आहे.

प्रथम स्थळाचा परिचय करून घेऊ. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर उभे आहे. कांचनगंगा सीमेवर असल्यामुळे, संपूर्णतया भारताच्या हद्दीत असलेल्या शिखरांत नंदादेवीच सर्वोच्च ठरते. या शिखराभोवती उत्तुंग पर्वतांचे एक प्रचंड कडे आहे. किल्ल्याच्या तटासारख्या या कड्याला एकच दार आहे. पश्चिमेकडून ऋषिगंगा ज्या अरुंद आणि भीषण घळीतून बाहेर पडते, ते. ही ऋषिगंगा रेणी या गावाशी धौलीगंगेस मिळते आणि धौलीगंगा पुढे जोशीमठाच्या पायथ्याशी, विष्णुप्रयाग येथे, अलकनंदेस मिळते. रेणीच्या जवळच सुमारे २,३०० मीटर उंचीवर लाता हे गाव आहे. तेथे नंदादेवीचे जुने मंदिर आहे. जवळच तोलमा आहे, आणि धौलीच्या काठाने वर चढत गेले की मलारी, गमशाली व शेवटी नीती. त्यापलीकडे नीती खिंड आणि तिबेट.

या खोऱ्यातील लोकांना बाहेरचे जग ‘भोटिया’ या एका नावाने ओळखते. त्यांच्यांत तोल्छा आणि मार्छा असे भेद आहेत. वरच्या गावांतील कुटुंबे उन्हाळ्यात वर राहावयाची आणि हिमवर्षाव सुरू होण्यापूर्वी गुरे, मेंढ्या व चीजवस्तू घेऊन खालच्या वस्तीत उतरावयाची. तिबेटशी त्यांचा पिढ्यान्‌पिढ्या व्यापार होता. धान्य व गूळ वर जात असे. मीठ, लोकर आणि टाकणखार खाली येत असे. हे सारे ओझे मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लहान पिशव्यांतून जात असे. म्हणजे ज्यांना आपण ‘दुर्गम’ गावे म्हणतो, ती त्या काळी एका मोठ्या व्यापारमार्गावरची गावे होती. दुर्गमता ही पुष्कळदा पाहणाऱ्याच्या ठिकाणावर अवलंबून असते.

या लोकांच्या मनात नंदादेवी हे प्रथम शिखर नसून ती लेक आहे. गढवाल-कुमाऊंमध्ये नंदा ही माहेरवाशीण मानली जाते. तिचे सासर कैलासावर, शिवाच्या घरी. भाद्रपद शुद्ध अष्टमीला नंदाष्टमी साजरी होते आणि तिला सासरी पोचवण्याची यात्रा निघते. साधारणपणे बारा वर्षांनी निघणारी मोठी राजजात नौटी गावाहून होमकुंडापर्यंत जाते; चार शिंगांचा मेंढा तिच्या अग्रभागी असतो. अलीकडच्या काळात ती २००० आणि २०१४ साली झाली. आपल्याकडे त्याच भाद्रपदात, त्याच सुमारास, गौरी घरी येतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना निरोप देताना घरातील स्त्रियांचे डोळे ओलावतात. म्हणून नंदेचे नाते मराठी माणसास निराळे समजावून सांगावे लागत नाही. मात्र ज्या डोंगराला आपण लेक मानतो, त्याच्याविषयी ‘जिंकला’ असे क्रियापद आपण सहसा वापरणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आता ‘शोध’ या शब्दाकडे वळू. १८८३ साली डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहॅम या इंग्रजाने दोन स्विस सहकाऱ्यांसह ऋषिगंगेच्या घळीतून आत शिरण्याचा प्रयत्न केला. तो फसला. डॉ. टॉम लाँगस्टाफ १९०५ साली पूर्वेकडून कड्याच्या काठापर्यंत पोचले आणि १९०७ साली त्यांनी त्रिशूळ हे ७,१२० मीटरचे शिखर सर केले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर दोन इटालियन मार्गदर्शक आणि करबीर नावाचा गुरखा सैनिक होता. ह्यू रटलेज यांनी १९२६, १९२७ आणि १९३२ असे तीनदा प्रयत्न केले. अखेर १९३४ साली एरिक शिप्टन आणि एच. डब्ल्यू. टिलमन हे अंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह घळीतून आत शिरले. त्या अंतर्भागात माणसाने पाऊल टाकल्याची ती पहिलीच नोंद होय.

हा पराक्रम निःसंशय मोठा आहे, आणि शिप्टन-टिलमन यांनी तो लहानशा तुकडीनिशी, अल्प खर्चात आणि शेर्पांच्या बरोबरीने ओझे वाहून केला, ही गोष्टही मोठी आहे. परंतु ते घळीच्या तोंडाशी कसे पोचले, हे पाहिले पाहिजे. घळीचा खालचा भाग नदीकाठाने चढून जाण्याजोगा नाही. त्यास वळसा घालून, उंच धारेवरून धरांसी नावाच्या कुरणाकडे आणि तेथून दिब्रुघेट्याच्या हिरव्या पठाराकडे जाणारी वाट ही मेंढपाळांची होती. लाता, तोलमा आदी गावांचे लोक उन्हाळ्यात आपले कळप त्या वाटेने वर नेत असत. सव्वाचार हजार मीटरांच्या आसपासची ती खिंड, बर्फ केव्हा वितळते, पाणी कोठे सापडते, मेंढरू कोणत्या कपारीवरून पार होते, हे ज्ञान गावात होते. ते कोठे लिहिलेले नव्हते, इतकेच. आतील घळीची अखेरची वाट शिप्टन आणि टिलमन यांनी शोधली, हे खरे. पण बाहेरची निम्मी वाट त्यांना तयार मिळाली. ज्ञान ज्याच्या पायात आहे त्याचे नाव नकाशावर येत नाही आणि ज्याच्या वहीत आहे त्याचे येते, हा इतिहासलेखनातील जुनाच अन्याय आहे.

दोन वर्षांनी, १९३६ साली, एक ब्रिटिश-अमेरिकन मोहीम आली. या मोहिमेत ओझे वाहण्यासाठी पश्चिम नेपाळमधील दोती भागाचे हमाल घेतले होते. त्यांना दोतियाल म्हणत. घळीच्या तोंडाशी रमणी येथील पाण्याचा लोंढा पाहून ते परत फिरले. बदरीनाथाच्या पलीकडील माणा या शेवटच्या गावची जी मोजकी माणसे बरोबर होती, ती मात्र पुढे गेली. मोहिमेतील शेर्पा आजारी पडत गेले, आणि एव्हरेस्ट व कांचनगंगेच्या मोहिमांचा अनुभव असलेला कितर हा शेर्पा तेथेच मरण पावला. गिर्यारोहकांनी वरच्या छावण्यांपर्यंतची ओझी स्वतः वाहिली आणि २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन व नोएल ओडेल शिखरावर पोचले. १९५० साली अन्नपूर्णा सर होईपर्यंत मनुष्याने गाठलेले ते सर्वोच्च शिखर होते. त्याच सुमारास पिंडर नदीस महापूर येऊन थराली गावात अनेक माणसे दगावली. खोऱ्यातील लोकांनी त्याचा संबंध देवीच्या कोपाशी जोडला. आपण ही श्रद्धा मानावी असा माझा आग्रह नाही. परंतु एकाच घटनेची नोंद लंडनमध्ये ‘विजय’ म्हणून झाली आणि थरालीत ‘कोप’ म्हणून झाली, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे.

१९३९ साली पोलिश मोहिमेने नंदादेवी पूर्व हे जोडशिखर सर केले. १९५१ साली मुख्य शिखराकडून पूर्व शिखराकडे जाऊ पाहणारे दोन फ्रेंच गिर्यारोहक बेपत्ता झाले. त्यांच्या शोधात तेनसिंग नोर्गे एका फ्रेंच सहकाऱ्यासह पूर्व शिखरावर चढले. १९६४ साली एन. कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मोहिमेतून नवांग गोम्बू आणि दावा नोर्बू मुख्य शिखरावर पोचले. गिर्यारोहणाच्या ग्रंथांत ही परंपरा अशी सलग लिहिलेली असते. गावांच्या इतिहासात मात्र या दोन तारखांच्या मध्ये एक फार मोठी तारीख आहे आणि ती म्हणजे १९६२. चीनशी युद्ध झाले, सीमा मिटली, नीती खिंडीचा व्यापार बंद पडला. शतकानुशतके मीठ-लोकर वाहणारे कळप एका वर्षात निरुपयोगी ठरले. व्यापारी होते ते मजूर झाले. गावाजवळच्या जमिनी सैन्यासाठी घेतल्या गेल्या आणि नुकसानभरपाईची वाट पाहणे सुरू झाले.

त्याच सीमेच्या चिंतेतून १९६५ साली आणखी एक गोष्ट घडली. चीनच्या क्षेपणास्त्रचाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी भारत व अमेरिका यांच्या गुप्तचर यंत्रणांनी नंदादेवीवर प्लुटोनियमवर चालणारे एक उपकरण बसवण्याचा घाट घातला. वादळामुळे ते उपकरण शिखराखाली सुमारे ७,३०० मीटरवर कड्याला बांधून ठेवावे लागले. १९६६ च्या वसंतात पथक परतले, तेव्हा ते तेथे नव्हते. ही हकीकत गावकऱ्यांना कोणी सांगितली नाही. १९७८ साली पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत निवेदन केले, तेव्हा ती देशाला कळली. ज्या नदीचे पाणी लाता-रेणीचे लोक पितात, तिच्या उगमाशी काय हरवले आहे, हे त्यांना कळावयास बारा-तेरा वर्षे लागली.

यानंतर येते १९७४ हे साल, आणि या साली गावांचा इतिहास आणि मोहिमांचा इतिहास एकाच वाटेवर समोरासमोर येतात. रेणीच्या जंगलातील २,४५१ झाडे तोडण्याचा ठेका दिला गेला होता. २६ मार्च १९७४ रोजी गावातील पुरुष, १९६२ नंतर घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार म्हणून, चमोलीस गेले होते. ठेकेदाराची माणसे जंगलात शिरत असल्याचे एका मुलीने पाहिले. गौरादेवी यांनी सत्तावीस स्त्रिया व मुली गोळा केल्या आणि त्या झाडांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. धमक्या आल्या, बंदूक दाखवली गेली. त्या हलल्या नाहीत. गौरादेवींचा जन्म १९२५ साली लाता गावात झाला होता, सासर रेणीचे आणि ऐन तारुण्यात वैधव्य आलेले. शालेय शिक्षण नव्हते. हे जंगल आमचे माहेर आहे, अशी तेथील स्त्रियांची भूमिका होती. नंदेची लेक म्हणून पाठवणी करणाऱ्या समाजात हा शब्द किती खोलवरून येतो, हे निराळे सांगावयास नको. सरकारला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील सुमारे १,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात दहा वर्षे वृक्षतोड थांबली. चिपको आंदोलनातील हे एक निर्णायक पर्व होय.

त्याच वर्षी नंदादेवीचा आतील प्रदेश परदेशी मोहिमांना पुन्हा खुला झाला. रेणीच्या घटनेनंतर काही आठवड्यांतच क्रिस बॉनिंग्टन आणि बलवंत संधू यांच्या नेतृत्वाखालील भारतीय-ब्रिटिश मोहीम लाता गावावरून आत गेली आणि ४ जून १९७४ रोजी ६,८६४ मीटर उंचीचे चांगबांग शिखर प्रथमच सर झाले. पुढील सात-आठ वर्षे हा ओघ वाढत गेला. १९७६ च्या भारतीय-अमेरिकन मोहिमेत विली अन्सोल्ड या गिर्यारोहकाची कन्या डोंगरावरच मरण पावली. पित्याने शिखराच्या प्रेमाने तिचे नावच नंदादेवी ठेवले होते. १९८१ साली रेखा शर्मा, हर्षवंती बिष्ट आणि चंद्रप्रभा ऐतवाल या तीन भारतीय स्त्रिया शिखरावर पोचल्या. चंद्रप्रभा ऐतवाल या पिथौरागढच्या सीमेवरील भोटिया समाजातल्या. ज्यांच्या पूर्वजांनी इतरांचा आणि स्वतःचा माल खिंडींपार नेला, त्या समाजाची कन्या स्वतःच्या नावाने शिखरावर उभी राहिली, ही घटना मला विशेष महत्त्वाची वाटते.

गावांच्या दृष्टीने ही वर्षे मिळकतीची होती. तिबेटचा व्यापार गेल्यावर मोहिमांची हमाली हा रोख पैशाचा एक आधार मिळाला. तरुण ओझी वाहत; पीठ-तांदूळ शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवरून जात, जसे पूर्वी मीठ येत असे. पण त्याबरोबर हानीही झाली. तळछावण्यांवर कचरा साठला, सरपणासाठी हिमालयातील हळू वाढणारी झुडपे तुटली, कस्तुरीमृग व भरल यांची शिकार झाली. म्हणून १९८२ साली सुमारे ६३० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला आणि मोहिमांना, यात्रिकांना व गुराख्यांना त्याची दारे मिटली. १९८८ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचे स्थान दिले.

येथे आपण ‘संरक्षण’ या तिसऱ्या शब्दाशी येतो. दार मिटल्याने निसर्गाला विसावा मिळाला, यात शंका नाही. १९९३ साली सैन्याच्या अभियंता दलाची एक मोहीम विशेष परवानगीने आत गेली आणि तिने जुन्या मोहिमांचा कचरा मोठ्या प्रमाणावर बाहेर आणला. तेव्हा बंदी हा निव्वळ अन्याय होता असे मी म्हणणार नाही. प्रश्न तिच्या किमतीचा आहे. कचरा टाकणारे आपापल्या देशी परतले होते, त्यांना दुसरी शिखरे होती. धरांसी-दिब्रुघेट्याची कुरणे ज्यांची होती, त्यांना दुसरी कुरणे नव्हती. मेंढ्या विकाव्या लागल्या, हमाली बंद झाली, औषधी वनस्पती गोळा करण्याचा हक्क गेला. आणि ज्या गावच्या स्त्रियांनी आठ वर्षांपूर्वी ठेकेदारांच्या कुऱ्हाडीसमोर उभे राहून हे जंगल राखले होते, त्याच गावावर जंगलाच्या रक्षणासाठी जंगलात येऊ नये, अशी आज्ञा आली.

गावांनी ही गोष्ट मुकाट्याने सोसली नाही. १९९८ साली लाताच्या लोकांनी ‘झपटो-छीनो’ या नावाचे आंदोलन केले आणि आपल्या हक्कासाठी निषिद्ध क्षेत्रात प्रवेश केला. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढील पायरी. १४ ऑक्टोबर २००१ रोजी लाता येथे या खोऱ्यातील लोकांनी एक घोषणापत्र संमत केले. दार सताड उघडावे असे त्यात म्हटलेले नाही. पर्यटन यावे, पण त्याचे नियंत्रण स्थानिक लोकांकडे असावे, स्त्रियांना त्यात बरोबरीचे स्थान असावे आणि निसर्गाची हानी होऊ नये, असा त्याचा आशय आहे. २००३ सालापासून बाहेरच्या भागातील ठराविक वाट मर्यादित प्रमाणात पदभ्रमणासाठी खुली झाली. पाहुणा कसा असावा, हे यजमानाने लिहून ठेवल्याचे असे उदाहरण पर्वतारोहणाच्या इतिहासात विरळाच.

या इतिहासाचे अलीकडचे प्रकरण दुःखद आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ यांचा प्रचंड कडा कोसळला. शास्त्रज्ञांनी त्याचे आकारमान सुमारे २.७ कोटी घनमीटर सांगितले आहे. तो राडा ऋषिगंगेत उतरला. रेणीजवळील जलविद्युत प्रकल्प क्षणार्धात वाहून गेला, खाली तपोवन येथील मोठ्या प्रकल्पाच्या बोगद्यांत मजूर गाडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. जलविद्युत प्रकल्पासाठी होणाऱ्या सुरुंगांविरुद्ध रेणीच्या रहिवाशांनी २०१९ सालीच उच्च न्यायालयात दाद मागितली होती. पुरानंतर गावात १९६५ च्या हरवलेल्या उपकरणाचीही चर्चा झाली. शास्त्रज्ञांना त्याचा संबंध आढळला नाही. परंतु ज्यांच्यापासून एक गोष्ट इतकी वर्षे लपवली गेली, त्यांच्या मनात संशय राहिला तर दोष केवळ त्यांना देता येणार नाही. त्याच वर्षी रेणीची जमीन खचू लागली, गाव हलवण्याची शिफारस झाली आणि गौरादेवींचा पुतळाही तेथून उचलून सुरक्षित जागी न्यावा लागला.

श्रोतेहो, ही कथा मी इंदुरात का सांगतो आहे? या शहराचा आणि त्या वाटेचा एक जुना संबंध आहे. अहिल्याबाई होळकरांनी बदरी-केदारच्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या. जोशीमठावरून जी वाट बदरीनाथास जाते, तिच्याच एका फाट्यावर लाता आणि रेणी आहेत. अहिल्याबाईंच्या दानात वाटेचा विचार आहे : चालणारा कोठे थांबेल, पाणी कोठे पिईल, रात्र कोठे काढील. शिखराचा विचार एकट्याने करता येतो. वाटेचा विचार करताना दुसरा माणूस गृहीत धरावाच लागतो. आपल्या मराठी परंपरेतच वाटेचा असा विचार रुजलेला असताना, आपणही पर्वतांचा इतिहास केवळ शिखरांच्या तारखांनी लिहीत गेलो, हे मात्र खटकते.

या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज हिमालयात पदभ्रमणास जातात. कोणी शिखरेही चढतात. त्यांचे वृत्तान्त मी कौतुकाने वाचतो. त्यांत उंची असते, तापमान असते, छावण्यांचे क्रमांक असतात. माझी त्यांना एक विनंती आहे. पुढील वृत्तान्तात ज्या गावात मुक्काम केला त्या गावाचे नाव शुद्ध लिहा आणि त्याचा अर्थ विचारून घ्या. तुमचे ओझे ज्याने वाहिले त्याचे नाव, गाव आणि त्याला दिलेली मजुरी लिहा. त्या गावाला पाणी कोठून येते, शाळा कोठवर आहे, हिवाळ्यात माणसे कोठे जातात, हे लिहा. ज्या कुरणावर तंबू ठोकला ते पूर्वी कोणाचे होते, हे विचारा. असे दहा वृत्तान्त या शाळेच्या ग्रंथालयात जमा झाले, तर पुढच्या पिढीतील एखादा विद्यार्थी त्यांतून लाता, रेणी, तोलमा आणि माणा यांचा इतिहास लिहू शकेल. तो इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाही आणि तो लिहिण्यास गिर्यारोहकच असावयास हवे, असेही नाही.